प्रश्न चौथा, गुण दोन

खोटं तुम्ही छापलंत आणि ते बोलायला तोंड माझं वापरलंत. सव्वीस वर्षं वापरलंत. तुमचा चेहरा कुणी पाहिला नाही, तुमची सही कुठे नव्हती. वर्षातून एकदा परीक्षा मंडळाच्या गोल शिक्क्याचं पाकीट यायचं, आत नमुना उत्तरं असायची, प्रत्येक उत्तरासमोर गुण. त्याच्याबाहेर जाईल त्याला शून्य द्यायचं, एवढीच तुमची आज्ञा. शून्य मात्र मी द्यायचं. माझ्या हातानं, माझ्या लाल पेनानं. हे असलं काहीबाही रोहिणीबाईंच्या डोक्यात नऊ दिवस फिरत होतं. गवारीच्या शिरा काढताना, बँकेच्या रांगेत, पेणच्या बाजारात बोंबील वाळलेत की ओले हे बोटानं दाबून बघताना. समोर कुणी नसताना त्यांचे ओठ हलायचे आणि शरदराव वर्तमानपत्र खाली करून विचारायचे, "कुणाशी भांडतेयस गं?" कुणाशी ते बाईंनाही धड माहीत नव्हतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झालेल्या भूगोलाच्या मास्तरणीनं आता कुणाशी भांडायचं? पण राग येतो तो काही पत्ता विचारून येत नाही.

झालं होतं एवढंच की नऊ दिवसांपूर्वी संध्याकाळी सातला पेणची लाईट गेली, आणि नेमका तेव्हाच तनयाचा व्हिडिओ कॉल चालू होता. तनया त्यांची एकुलती मुलगी, टांझानियात म्वान्झाला असते, तिथल्या मोठ्या तलावातल्या माशांवर काम करते. बाईंचं तिकीट निघालं होतं, तीन महिने लेकीकडे राहायचं होतं. काय आणू, काय नको, मेतकूट किती, असलं बोलणं चाललं होतं. तिकडे अजून ऊन होतं. तनयाच्या मागच्या खिडकीतून ते भिंतीवर पडलं होतं, पिवळंधमक. तेवढ्यात तनयाबरोबर राहणारी, मूळ म्वान्झाचीच, तिच्याच ऑफिसातली नीमा मागून आली, वाकून हसली, हात हलवला. तिचे दात, गळ्यातली निळी माळ, उन्हात चमकणारा खांदा बाईंना लख्ख दिसला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बाईंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुमच्या आफ्रिकेत लाईट असते का? शरदराव काळोखात मेणबत्ती शोधत होते, त्यांचा पाय स्टुलाला लागला, ते कळवळले. नीमानं फोन जवळ घेतला. मग सावकाश, बाईंना समजेल अशा इंग्रजीत म्हणाली, आई, मला तुम्ही दिसतच नाही आहात, तुमच्याकडे फार अंधार आहे. तिच्या आवाजात खोच नव्हती. होती का? बाईंनी तो आवाज नऊ दिवस आतल्या आत उलटासुलटा करून पाहिला. तनयाचा चेहरा मात्र त्यांनी पाहिला होता, आणि तो त्यांना ओळखीचा वाटला नव्हता. फोन बंद झाला. रात्रीच्या जेवणाआधी संदेश आला: "आई, तिकीट रद्द कर. ते नववीचं पुस्तक डोक्यात घेऊन माझ्या घरी येऊ नकोस. नीमा तुला एकदा सहन करेल, मी नाही करणार." त्यानंतर तिनं फोन उचलला नव्हता.

"जाऊ दे गं," शरदराव म्हणाले. "काय वाईट विचारलंस? लाईट आहे का विचारलंस. आपल्याकडे पण विचारतात पाहुणे."

"आपल्याकडे लाईट नव्हती तेव्हा विचारलं मी."

"तेच म्हणतोय मी. काय बिघडलं?"

बाईंनी ॲटलास काढला. सव्वीस वर्षांच्या सवयीनं त्या अभ्यासाला बसल्या. दोनशे पानी वही, चौपन्न देश, राजधान्या, नद्या, चलन, बोलीभाषा. सकाळी चहाबरोबर म्हणायच्या, बुर्किना फासो, वागाडुगू. चाड, एन्जामेना. चौथ्या दिवशी एकही न चुकता म्हणून झालं आणि त्यांना एकदम कंटाळ्यासारखी, घाणीसारखी एक भावना आली. हे तेच होतं. पोरांकडून त्यांनी हेच करून घेतलं होतं. चौपन्न नावं पाठ असलेली बाई नीमापुढे उभी राहिली तर तिच्या तोंडून पहिलं वाक्य कुठलं निघेल? पुन्हा लाईटचंच निघेल, एवढंच की आता राजधानीसकट निघेल. त्यांनी वही मिटली. मुलगी हातची गेली असं नुसतं मनात आलं तरी राग यायचा, मुलीचा नाही, आपलाही पुरता नाही. त्या पाकिटावरच्या गोल शिक्क्याचा.

भाजी घेऊन येणाऱ्या गिरजाबाईंनीच वाट दाखवली. त्या गागोद्याकडच्या, दारात टोपली उतरवून पाणी मागायच्या नि घरातलं सगळं विचारून घ्यायच्या. "आफ्रिकेचं इचारायचंय? मग आमच्या हौसाच्या पोराला इचारा की. धा वर्षं हाय तिकडं, कंपनीत. आता सुट्टीवर आलाय, रोह्याला घर बांधलंय पुलापल्याड. काळा म्हणून काय इचारू नका गो, पण मानूस सोन्यासारखा." टोपली डोक्यावर घेताना त्या हसल्या. "तिकडं गेल्यावर तरी कोन त्याला काळा म्हननार नाय, म्हटलं."

बाईही हसल्या. हसून झाल्यावर आपण हसलो हे त्यांच्या लक्षात आलं. हे अलीकडे असंच होत होतं, आधी हसू यायचं आणि मग ते तोंडात कडू व्हायचं. त्या स्वतः काही गोऱ्या नव्हत्या. लहानपणी आत्या त्यांना न्हाऊ घालताना मसुराचं पीठ दुसऱ्यांदा चोळायची, म्हणायची, "हबशीण कुठली, घासून घासून माझे हात गेले." हबशीण म्हणजे काय ते त्यांना तेव्हा कळत नव्हतं, आणि कळायला लागलं तेव्हा विचारायचं राहून गेलं. पुढे बी.एड. करताना एका जुन्या कागदात त्यांनी वाचलं होतं की रोह्याच्या खाली खाडीच्या दोन्ही अंगांचा, मुरुडापर्यंतचा सगळा मुलूख एके काळी हबसाण म्हणून ओळखला जायचा. समुद्रापलीकडून आलेल्या हबशांनी इथे पिढ्यानपिढ्या राज्य केलं होतं, इथल्या लोकांनी त्यांच्यापुढे मुजरे केले होते. वाचलं आणि पान उलटलं. परीक्षेला नव्हतं ते. सहावीपासून दहावीपर्यंत त्या पोरांना समुद्रापलीकडचा खंड शिकवत राहिल्या, आणि तो खंड तीनशे वर्षं खाडीच्या तोंडावर किल्ला बांधून बसला होता हे एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नाही. का नाही निघालं? कुणी गळा दाबला होता? कुणीच नाही. पाकिटात नव्हतं म्हणून नाही निघालं. दुसऱ्या दिवशी बाई बसून निघालेली रोह्याची बस गडबजवळ खड्ड्यात आदळली, खिडकीची काच खडखडली, आणि बाई पुन्हा पुटपुटल्या. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय म्हनता?" बाई म्हणाल्या, "काही नाही." नागोठण्याला बस रिकामी झाली, भिसे खिंडीत इंजिन कण्हायला लागलं. वळणावळणावर मांडीवरची वही सरकत होती. प्रश्न त्यांनी लिहून आणले होते. एक ते बारा.

पुलापलीकडे घर सापडलं. कंपन्यांकडून येणारा आंबूस वास हवेत होता, अंगणात सुकत घातलेले कपडे होते. दार चाळिशीच्या एका माणसानं उघडलं. त्यानं बाईंकडे पाहिलं, त्यांच्या चपलांकडे पाहिलं, काखेतल्या वहीकडे पाहिलं आणि म्हणाला, "या, बाई. नकाशा धरू काय?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांची नजर त्याच्या पायांकडे गेली. नववी क. खिडकीकडचा खिळा निसटला होता, भिंतीचा पोपडा पडला होता, आणि आफ्रिकेचा नकाशा लावायला जागा नव्हती. नवीन होत्या बाई, तिसरंच वर्ष. पहिल्या बाकावरच्या एका मुलाला त्यांनी उठवलं आणि नकाशा वर धरून उभा राहा म्हटलं. तो उभा राहिला. दोन्ही हात ताणून, काठ्या बोटांत धरून, अख्खा तास. त्याचा चेहरा कापडामागे होता, खाली फक्त काळे पाय दिसत होते, पोटऱ्या थरथरत होत्या. वर्ग फसफसून हसत होता. का हसतात ते बाईंना सहारा संपेपर्यंत कळलं नव्हतं. काँगोच्या खोऱ्याशी आल्यावर कळलं, आणि मग हसू दाबायला त्यांनी फळ्याकडे तोंड केलं होतं. हो, केलं होतं. वर्गाकडे पाठ असली तरी हललेले खांदे दिसतात.

"काळुराम," त्या म्हणाल्या.

"आठवलं म्हणायचं."

"अहो, बसू तरी द्या त्यांना, आल्या आल्या काय लावलंय," आतून त्याची बायको विमल म्हणाली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"बसतायत की. मला तासभर उभं केलेलं, मी खुर्ची देतोय. माझं बरं हाय का त्यांचं?" आणि तो मोठ्यानं हसला. त्या हसण्यात राग शोधावा तर सापडत नव्हता, आणि माफीही सापडत नव्हती.

बाईंनी वही उघडली. म्वान्झाचं, मुलीचं, कॉलचं, सगळं सांगितलं. लाईटचं सांगताना आवाज बारीक झाला. मग म्हणाल्या, "मला आफ्रिका समजून घ्यायचीय. जायच्या आधी."

"आफ्रिका कुठं आली? मी थिकाला ऱ्हातो, केनियात. नैरोबीपासनं हितनं पेण एवढं. टांझानियात मी पाय ठेवला नाय. आता बघा बाई, उद्या कोन परदेशी मानूस रोहा ष्टेशनात उतरला आणि तुम्हाला म्हणाला, तुम्ही आशियातल्या ना, मग मंगोलियात घोड्याचं दूध कसं पितात ते सांगा. काय सांगाल?"

"मी नाही गेले मंगोलियाला."

"मग! माझ्याच कंपनीत चार भाषांची मानसं हायत. किकुयू हाय, लुओ हाय, कंबा हाय, एक सोमाली हाय तो सगळ्यांना नावं ठेवतो. पयल्या महिन्यात मी सगळ्यांना एकच समजायचो. ते पण मला गुजराती समजायचे." त्यानं मांडीवर थाप मारली. "मी किती भांडलो. शेवटी सोडून दिलं, ढोकळा आणा म्हणले तर आणून दिला."

बाईंच्या बारा प्रश्नांपैकी एकही आता विचारण्यासारखा उरला नव्हता. विमलनं एक थाळी आणून पुढ्यात ठेवली. थाळीत दोन मुठी बिया होत्या. एक मूठ ओळखीची, आपले कडवे वाल, मातकट रंगाचे. दुसरी काळीभोर. "तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "कसला येडेपणा केला आम्ही. दरसाल ह्यांच्या कपड्यांत पाच-पाच किलो वाल दडवून देत होते मी. म्हटलं तिकडं कुठनं मिळायचे बिचाऱ्यांना."

"बिचारं मी," काळुराम म्हणाला. "शेजारी वांबुई म्हणून बाई हाय, तिला एकदा मोड आणून, बिरडं करून दिलं. लई ऐटीत, का आमच्या मुलखाची चीज. तिनं खाल्लं, गप उठली, घरातनं हे काळे घेऊन आली. त्यांच्यात बाळंतिणीला घालतात. मला म्हणाली, तू आमच्या दान्यांना एवढं लांबनं फिरवून आणलंस व्हय? तिचा म्हातारा म्हणतो, ह्यांचं मूळ रान तिकडंच हाय. खरं-खोटं त्याला ठाऊक. पन बघा की तुम्ही."

बाईंनी चष्मा पुसला. एक काळा दाणा उचलला, एक आपला. दोघांच्या कडेला तीच पांढरी रेघ होती, भुवईसारखी. अगदी तीच. लहानपणापासून हजारो वाल त्यांनी सोलले होते, बोटांना त्या रेघेचा गुळगुळीतपणा पाठ होता, डोळे मिटूनही कळला असता. आणि फळ्यावर त्या लिहीत होत्या, प्रमुख पिके, कोको, कॉफी, लवंग. दाणे तळहातावर गरम झाले. इतकं काही एकदम आतून वर आलं की त्यांना ते आवरायला हवं होतं, आणि मास्तरीण गडबडून गेली की करते तेच त्यांनी केलं. त्यांनी किस्सा सांगायला घेतला. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, बहिणीच्या घरी, वीस-पंचवीस वर्षं हमखास हशा मिळवणारा किस्सा. "आमच्या वेळी पुस्तकच तसं होतं रे. चौथा प्रश्न ठरलेला, दोन गुण. आफ्रिकेला अंधारखंड का म्हणतात? नमुना उत्तर काय, तर घनदाट जंगलं, हिंस्र प्राणी, मागासलेले लोक. आणि एका मुलानं एकदा काय लिहिलं होतं माहितीये का..."

"कारण बघायला आलेल्या माणसांनी येताना दिवा आणला नव्हता," काळुराम म्हणाला.

विमल आधी त्याच्याकडे, मग बाईंकडे बघत राहिली. बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला. बाईंच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं, तिथे नेहमी लोक हसायचे, आणि ते वाक्य आता जिभेवर मेल्यासारखं पडून राहिलं. किस्सा त्यांना कायम आठवला होता. किस्सा ज्याचा होता तो मुलगा त्यांनी कधीच पुसून टाकला होता. अक्षरसुद्धा आता दिसायला लागलं, डावीकडे कललेलं, शाईचा डाग, आणि त्याखाली आपलं लाल शून्य. शून्याशेजारी दोन शब्दही लिहिले होते त्यांनी: आगाऊपणा नको.

"तेहतीस पडले," तो म्हणाला. "पस्तीसला पास. नापास झालो तर बा म्हणाला, आता पुरे, कंपनीत लाग. लागलो. वाईट झालं असं नाय म्हणत मी. घर हाय, बायको हाय, तिकडं मला साहेब म्हणतात. पन बाई, रातपाळीला बॉयलरपुढं उभा ऱ्हायलो की मी तो प्रश्न मनात सोडवायचो. परत परत. म्हटलं चुकलं कुठं?"

"चुकलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "बरोबर होतं. मी सांगते ना, बरोबर होतं. पूर्ण दोन गुण."

"तुमचं नको." तो पहिल्यांदाच हसला नाही. "तुम्ही आता चांगलंच म्हणणार, पोरगीनं फोन ठेवला म्हणून. तुम्हाला ज्यांनी लिहून दिलं होतं, त्यांच्याकडनं आणा. कागदावर. बरोबर का चूक, येवढंच. मार्क ठेवा म्हणावं तुमच्यापाशी."

"ते नाही देणार काळुराम. ते कधी कुणाला उत्तर देत नाहीत."

"मग आम्हाला कशाला इचारायचे?"

परतीच्या बसमध्ये वही मिटलेलीच होती. विमलनं दोन्ही तऱ्हेच्या बियांची पुडी बांधून दिली होती, "पोरीला द्या, तिच्या मैत्रिणीला दाखवा, बघा काय म्हणते." भिसे खिंड उतरताना ऊन तिरपं झालं. रडू येईल असं बाईंना वाटलं होतं, ते आलं नाही. त्याऐवजी एक कडक, कोरडी, जवळजवळ आनंदासारखी गोष्ट अंगात उभी राहत होती. आयुष्यभर त्यांनी वरून आलेलं खाली पोचवलं होतं, पोस्टमनसारखं, पाकीट न फोडता. एकदा तरी उलट्या दिशेनं पाकीट जाऊ दे. हसतील? हसू देत. त्या स्वतः पंचवीस वर्षं हसल्या होत्या, हसणाऱ्याला काय काय कळत नसतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्वान्झाला त्या जाणार होत्या. माफीची वाक्यं पाठ करून नाही जायचं. नीमापुढे बसायचं, लाल शून्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायची, फळ्याकडे तोंड करून हसल्याचीसुद्धा, आणि मग ती सांगेल ते ऐकायचं. तिनं हाकललं तर हाकलू दे. न विचारता आत घुसण्यापेक्षा ते बरं. नागोठण्याला बस थांबल्यावर त्यांनी तनयाला संदेश टाकला: "तिकीट रद्द करत नाही. मी एका मुलाला चुकीचं शून्य दिलं होतं, त्याच्या घरून येतेय. नीमाला सांग, त्या दिवशी अंधार माझ्याकडेच होता. तुझ्या घराचा टपालाचा पूर्ण पत्ता पाठव, मला एके ठिकाणी द्यायचाय."

पेणला उतरेपर्यंत काही आलं नाही. घरी आल्यावर त्यांनी पायही धुतले नाहीत, टेबलाशी बसल्या. शरदराव म्हणाले, "अगं, चहा तरी घे. कुणाला लिहितेयस?" बाई म्हणाल्या, "ज्यांच्याशी भांडतेय त्यांना." जुन्या फायलीतून त्यांनी एक पाकीट शोधून काढलं, गोल शिक्का अजून वाचता येत होता, तोच पत्ता उतरवला. तेवढ्यात फोन वाजला. तनयाचा पत्ता होता, पेटी क्रमांकासकट, म्वान्झा, टांझानिया. त्याखाली एक ओळ: "नीमा विचारतेय, पेणची लाईट आली का?" बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग पर्समधलं लाल पेन काढलं आणि लिहायला लागल्या.

खोटं तुम्ही छापलंत आणि ते बोलायला तोंड माझं वापरलंत. माझा दोष माझ्यापाशी आहे, तो मी जिथे फेडायचा तिथे फेडीन. तुमचं सांगा. आपल्या नमुना उत्तरपत्रिकेतला प्रश्न चौथा, गुण दोन. नववी क मधल्या काळुराम नावाच्या मुलानं त्याचं उत्तर लिहिलं होतं: बघायला आलेल्या माणसांनी येताना दिवा आणला नव्हता. तुमच्या आज्ञेवरून मी त्याला शून्य दिलं आणि त्याची शाळा सुटली. सव्वीस वर्षं तुम्ही विचारलंत, आम्ही लिहिलं. आता मी विचारते, तुम्ही लिहा. नमुना उत्तर मिळणार नाही, पाहून लिहायला कुणी देणार नाही. पुढच्या महिन्यापासून मी खाली दिलेल्या पत्त्यावर आहे, तिथे टपाल पोचतं, आणि लाईटही आहे. त्या मुलाचं उत्तर बरोबर होतं की चूक?